आधी जागा, मग संग्रहालय, मग पुन्हा जागा

एका छोट्या संग्रहालयाच्या कोपऱ्यातल्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, वाटीएवढा खळगा असलेला एक दगड ठेवला होता. पाटीवर दोनच शब्द: ‘दगडी दिवा’. मी वाकून पाहिलं. खळग्यात काजळीचा मागमूस नव्हता, वात टेकायला चोच नव्हती. उलट तळाशी एकात एक अशा गोल रेघा होत्या, काहीतरी जड वस्तू वर्षानुवर्षं त्यात फिरत राहिल्यासारख्या. आणि एकदम आठवलं: असाच दगड त्याच दिवशी सकाळी, दोन किलोमीटरवरच्या पडक्या वेशीत, उंबरठ्यालगत जमिनीत रुतलेला पाहिला होता. फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे नुसता खड्डा होता. कपाटातला तो दिवा नव्हताच. जुन्या लाकडी दाराचा खालचा खुंट ज्यात फिरतो, तो दगड होता.

छोट्या प्रादेशिक संग्रहालयांची खरी गंमत यात आहे. मोठ्या शहरातल्या नामांकित संग्रहालयात वस्तू दूरदूरहून आलेली असते. ती जिथे होती ती जागा बघायची तर विमानाचं तिकीट काढावं लागतं. छोट्या ठिकाणी ती जागा बहुतेक वेळा चालत जाण्याच्या अंतरावर असते. तरीही बहुतेक जण वीस मिनिटांत तलवारी आणि नाणी बघून, दारात फोटो काढून बाहेर पडतात. मी इतक्या वर्षांत चुकतमाकत जी पद्धत बसवली आहे, ती इथे क्रमाने लिहितो. पूर्ण दिवस हाताशी असेल तर उत्तम, पण अर्ध्या दिवसातही जमते.

निघण्याआधी, घरी बसून

पहिलं काम म्हणजे फोन. नकाशाच्या ॲपवर ‘उघडे आहे’ असं हिरव्या अक्षरांत दिसतं, त्यावर विसंबून मी दोनदा कुलूप बघून परतलो आहे. जगभर बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण छोट्यांचा नेम नाही. कुठे शुक्रवारी सुट्टी, कुठे दुपारी दोन तास दार बंद, तर कुठे किल्ली शेजारच्या घरी आणि ते घर लग्नाला गेलेलं. म्हणून आदल्या दिवशी फोन करून चार गोष्टी विचारा: उद्या नक्की उघडं आहे का, एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का, फोटोला परवानगी आहे का, आणि वस्तूंची माहिती असलेलं कोणी माणूस कितीच्या सुमारास भेटेल. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या माणसाच्या वेळेनुसार बाकीचा दिवस आखा.

एखादी ठरावीक वस्तू बघायला जाणार असाल तर ती तिथे आहे का, हेही विचारून घ्या. गावात सापडलेली वस्तू गावातच राहते असं नाही. इंग्लंडच्या उत्तरेला व्हिंडोलांडा या रोमन लष्करी ठाण्यात १९७३ साली शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडायला लागल्या. त्यातली एक इ.स. १००च्या आसपासची आहे. तिच्यावर क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण दिलं आहे. आज यातल्या बहुतेक पट्ट्या लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जागेवरच्या संग्रहालयात त्यातल्या थोड्या बघायला मिळतात, पण तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत टिकून राहिलेले चामडी जोडे मात्र तिथेच बघावेत, अगदी लहान मुलांच्या जोड्यांसकट.

वाचन किती करावं? थोडंच. त्या भागाचं जुनं गॅझेटिअर (म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), एखादा जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एवढं पुरतं. जुना नकाशा आणि उपग्रहचित्र शेजारीशेजारी ठेवून तीन गोष्टी शोधा: पाणी कुठे आहे, जुना रस्ता कुठून जात होता, आणि पांढरीचं टेकाड, म्हणजे जुनी वस्ती ढासळून झालेला उंचवटा, कुठे आहे. टेकाडावर आज शेत असेल, घरं असतील, पण शेताच्या बांधांचे गोलसर वळसे अजूनही जुन्या वस्तीची कड दाखवतात. मग वहीत तीन प्रश्न लिहा. ‘इथला इतिहास काय’ असला घाऊक प्रश्न नको. ‘या किल्ल्याला पाणी कुठून येत होतं’ असा धरता येण्याजोगा हवा.

पिशवीत घ्यायच्या वस्तू थोड्या: छोटी विजेरी (मोबाइलची चालते, पण वेगळी हातात धरायला सोयीची), खिशात मावणारी मोजपट्टी, वही, पेन्सिल आणि असली तर दुर्बीण. दुर्बीण ऐकून लोक हसतात. छताजवळचं कोरीवकाम, खांबाच्या माथ्यावरच्या आकृत्या, भिंतीत उंचावर बसवलेला लेख हे सगळं तिच्याशिवाय नुसतं ‘नक्षी आहे’ एवढंच दिसतं.

आधी जागेवर जा, कोरे जा

आधी संग्रहालय बघा, मग जागा, असं बहुतेक जण सांगतात. मी उलटं सांगतो. संग्रहालयात आधी गेलात की डोळ्यांवर तिथल्या पाट्यांचा चष्मा चढतो आणि जागेवर फक्त त्या पाट्यांतलंच दिसतं. पहिला तास जागेवर घालवा, तोही गाइडशिवाय. समजणार फारसं नाही. पण ‘हे काय असेल’ असे दहा-बारा प्रश्न जमतात, आणि तेच घेऊन संग्रहालयात जायचं असतं.

आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. मग भिंतीसमोर उभे राहा आणि ती वाचायला लागा. सगळीकडे दगड सारख्याच मापाचे आहेत का? खालचे थर घडीव चिऱ्यांचे आणि वरचे ओबडधोबड असतील तर मधे केव्हातरी पडझड होऊन पुन्हा बांधकाम झालेलं असू शकतं. एक भिंत दुसरीला नुसती येऊन टेकली आहे आणि दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत, असं दिसलं तर टेकलेली भिंत नंतरची. ओळीने चौकोनी भोकं दिसतात ती बहुतेक वेळा बांधकामाच्या परांचीच्या वाशांची किंवा मजल्याच्या तुळयांची असतात. भोकांची ओळ एका उंचीवर आणि तिच्या वर कोनाडे असतील तर तिथे एक मजला होता. दाराच्या दोन्ही बाजूंना, छातीच्या उंचीवर, भिंतीत खोल शिरणारी चौकोनी खोबण असते. ती अडसराची. विजेरी टाकून तिची खोली बघा. एका बाजूची खोबण दाराच्या रुंदीएवढी खोल असते, कारण दार उघडलं की अख्खा अडसर तिच्यात सरकवून ठेवायचा असतो.

मधेच एखादा चिरा उलटा बसवलेला, अर्धी नक्षी असलेला किंवा अक्षरं तुटलेला दिसला, तर तो दुसऱ्या इमारतीतून आलेला आहे. हे जगभर झालेलं आहे. इंग्लंडमधल्या हेक्सहॅमच्या चर्चचं तळघर सातव्या शतकातलं, पण त्याचे दगड रोमन बांधकामांतून उचललेले. काहींवर रोमन नक्षी आणि अक्षरं तशीच आहेत. असा दगड दिसला की वहीत लिहा: ‘हा कुठून आला?’ उत्तर संग्रहालयात मिळण्याची शक्यता बरीच असते.

पायऱ्या बघा. मधोमध झिजल्या आहेत की एका कडेला? कडेला झिजल्या असतील तर लोक भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घेऊन चढत होते. आणि एखादी पायरी अजिबात झिजलेली नसेल तर ती नवी बसवलेली आहे, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

रिकाम्या जागाही वाचता येतात. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती भिंतीत कोरल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत नाव. आज मूर्ती उरलेल्या नाहीत, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. नावं मात्र वर तशीच आहेत. घाईत आलेला माणूस नुसती मोकळी भिंत बघून परत फिरतो. कुठे काय होतं आणि आता नाही, याच्या खुणा म्हणजे खिळ्यांची भोकं, फिकट चौकोन, तुटलेले खांबतळ. त्या टिपायची सवय लावून घ्या.

आणि भुयार. प्रत्येक किल्ल्याला, वाड्याला, चर्चला, मठाला एक भुयार असतं आणि ते नेहमी दहा-बारा कोसांवरच्या दुसऱ्या किल्ल्यात निघतं. सांगणाऱ्याच्या आजोबांनी त्यात सोडलेला प्राणी तिकडे बाहेर पडलेला असतो. ऐकून घ्या, हसू नका. पण प्रत्यक्षात जे तोंड दाखवतात ते बहुतेक वेळा सांडपाण्याची किंवा पाणी आणायची मोरी, धान्याचं तळघर, नाहीतर गुप्त दिंडी असते. उतार कुठल्या दिशेला आहे ते बघा, उत्तर बरंचसं कळतं. आत मात्र शिरू नका.

अक्षरं पुसट असतील तर

शिलालेख दिसला की लोक समोरून फ्लॅश मारतात, आणि फोटोत करडा सपाट दगड येतो. प्रकाश समोरून पडला की खोदलेल्या रेघेत सावलीच राहत नाही. विजेरी दगडाच्या कडेला न्या, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. डावीकडून प्रकाश आला की उभ्या रेघा उठून येतात, वरून आला की आडव्या. म्हणून निदान चार बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो घ्या, कॅमेरा न हलवता. सोबत कोणी असेल तर एकाने विजेरी धरावी. उघड्यावरचा लेख असेल तर हेच काम सकाळचं किंवा उतरतीचं ऊन फुकटात करतं. भर दुपारी सगळ्यात कमी दिसतं.

अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, शेंदूर यातलं काहीही लावू नका. पाणीसुद्धा नको. कागद चिकटवून ठसा घेणं हे जाणकाराचं आणि परवानगीचं काम आहे.

संग्रहालयात: पहिली फेरी न थांबता

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कुठेच थांबायचं नाही. सगळ्या दालनांतून सरळ चालत जा. काय किती आहे, प्रकाश कुठे बरा आहे, गर्दी कुठे होते याचा अंदाज येतो आणि आपले सकाळचे प्रश्न कुठल्या कपाटाजवळ सुटतील ते कळतं. मग पाच वस्तू निवडा. जास्तीत जास्त सात. बाकीच्या सोडून द्या. दीडशे वस्तू बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी एकही धड आठवत नाही.

निवडलेल्या वस्तूसमोर दहा मिनिटं उभं राहायचं, आणि पहिली पाच पाटी न वाचता. दहा मिनिटं फार वाटतात. काय बघायचं ते माहीत नसलं की वेळ जात नाही, एवढंच. झीज बघा: हात कुठे लागत होता, तळ कुठे घासला आहे? जोड बघा: तुटल्यावर कोणी दुरुस्त केलं आहे का? ती दुरुस्ती वापरणाऱ्याची आहे की संग्रहालयाची? भांड्याला कथलाचं ठिगळ असेल तर घरात ते टाकून देण्याजोगं नव्हतं. खापर असेल तर तुटलेली कड बघा. मधला थर काळा आणि बाहेरचे तांबडे असतील तर भाजताना आतपर्यंत पुरेशी हवा किंवा आंच पोहोचली नव्हती. आतल्या बाजूला बारीक आडव्या समांतर रेघा असतील तर भांडं चाकावर घडलेलं.

वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीराचा स्मृतिदगड, तर हमखास चुकीच्या क्रमाने पाहिला जातो, कारण आपण वरून खाली वाचतो. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचा मृत्यू: गाई पळवणारे चोर, समोरासमोर भिडलेली माणसं, कधी घोडा. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर कीर्ती राहो. खालच्या चौकटीत गाई आहेत की नाहीत हे आधी बघा. असतील तर माणूस गुरं वाचवताना गेला. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात दिसला तर ती सतीशिळा. हे कळल्यावर ‘कोरीव दगड, अंदाजे बारावे शतक’ एवढ्याच पाटीचा राग यायला लागतो. मला तरी येतो.

छोट्या संग्रहालयात एखादी वस्तू थेट जगाच्या नकाशावर नेऊन ठेवते, तीही फारसा गाजावाजा न करता. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून गोळा केलेल्या वस्तूंवर उभं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचं नाव येतं. तिथे एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. तशाच घडणीची दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे तिकडची मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेलेली होती. अशी वस्तू समोर असेल तर पाचातली दुसरी एखादी खुशाल रद्द करा आणि तिथेच थांबा.

पाटी वाचायची, पण विश्वास बेताने

पाटीवर किंवा वस्तूच्या अंगावर, कोपऱ्यात, बारीक आकडे असतात. तो दाखल क्रमांक. बऱ्याच ठिकाणी त्याचा पहिला भाग वस्तू संग्रहालयात आली ते वर्ष असतो, पुढचा त्या वर्षातली कितवी खेप, शेवटचा खेपेतली कितवी वस्तू. एकाच खेपेत पन्नास वस्तू आल्या असतील तर बहुधा एखाद्या घराण्याने किंवा संग्राहकाने आपला साठा दिलेला असतो. हा क्रमांक वहीत जरूर उतरवा. पुढे पत्र लिहायचं झालं तर ‘ती डावीकडची मूर्ती’ म्हणून कोणाला काही कळत नाही, क्रमांक लिहिला तर वस्तू चटकन सापडते.

दोन शब्दांत गल्लत करू नका: ‘सापडली’ आणि ‘मिळाली’. उत्खननात ठरावीक थरातून सापडलेली वस्तू आणि कोणीतरी आणून दिलेली वस्तू यांच्या साक्षीत फार फरक आहे. पहिली आपल्या थरासकट, शेजारच्या खापरांसकट बोलते. दुसरीच्या बाबतीत आणून देणाऱ्याच्या शब्दावर भिस्त. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात एक पितळी पत्रा मिळाला. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने १५७९ साली ठोकलेला, असं त्यावरचा मजकूर सांगत होता. मोठ्या इतिहासकारांनी तो खरा मानला. तब्बल चाळीस वर्षांनी, १९७७ मध्ये, धातूच्या तपासणीत पितळ आधुनिक निघालं. मूळचा थट्टेचा बेत होता, तो अंगावर आला.

‘प्रतिकृती’ हा शब्द पाटीच्या शेवटी, सगळ्यात लहान अक्षरांत असतो. शोधा. इमारतीच्या बाबतीतही विचारा की ती मूळ जागीच आहे का. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे १८९१ साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय. तिथली घरं स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतून उचलून आणून पुन्हा उभी केलेली आहेत. घर खरं असतं, पण त्याच्या खिडकीतून दिसणारा देखावा त्याचा नसतो.

सनावळ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण छोट्या संग्रहालयांतल्या निम्म्या चुका तिथे असतात. इसवी सन काढायचा तर शक्यात ७८ मिळवा. जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. विक्रम संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ५६. हिजरीला असा सोपा आकडा चालत नाही. ते वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे कोष्टकच बघावं लागतं. जुन्या मराठी कागदपत्रांत शुहूर सन ही वेगळीच कालगणना येते, तीही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत, आणि एककापासून उलटी. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार: ११७४. त्यात ५९९ मिळवले की १७७३, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ६००. नारायणराव पेशव्यांचा खून, ३० ऑगस्ट १७७३, याच शुहूर सनातला. शब्द ओळखता यायला लागले की मोडी येत नसली तरी लिप्यंतराखाली छापलेली तारीख आपली आपण पडताळता येते.

युरोपातली कागदपत्रंही साधी नाहीत. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून १० फेब्रुवारी १७०० असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने १७०१ मधलं. त्याच १७५२ साली पंचांग बदलताना २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

पाट्यांत काय नाही, तेही बघा. देणगीदारांची यादी वाचली की भिंतीवर कोणाचे पूर्वज आहेत आणि कोणाचे नाहीत याचं कारण बरंचसं समजतं. वाड्याच्या मालकाची पगडी असते. वाडा बांधणाऱ्याची थापी क्वचित.

माणसांशी बोला

अभिरक्षक (संग्रहाची जबाबदारी असलेले अधिकारी) भेटले तर ‘या वस्तूबद्दल सांगा’ म्हणू नका, पाठ केलेलं ऐकायला मिळेल. ‘या दालनात तुमची आवडती वस्तू कोणती?’ किंवा ‘कुठल्या वस्तूबद्दल तुम्हालाच अजून शंका आहे?’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला माझ्या अनुभवात नेहमी खुर्ची पुढे सरकते. पहारेकरी आणि झाडलोट करणाऱ्या बाई यांनाही विचारा. कुठली वस्तू कधी हलवली, कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या मूर्तीपुढे लोक नकळत हात जोडतात, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मांडलेल्या वस्तू हा संग्रहाचा लहानसा भाग असतो, बाकी सगळं कोठीत. नीट कारण सांगून आधी पत्र दिलं तर छोट्या ठिकाणी कोठीतली वस्तू किंवा रुमालात बांधलेले कागद बघायला मिळू शकतात. कागद हाताळायचे तर पेन्सिलच न्या, शाईचं पेन खिशातही नको. हातमोज्यांचा आग्रह सिनेमांमुळे झाला आहे. जुन्या कागदासाठी धुतलेले, कोरडे हात बरे, कारण मोज्यांतून पानाची कड कळत नाही आणि ते फाटतं. जुने फोटो आणि धातू यांच्यासाठी मात्र मोजे हवेत.

फोटो आणि वही

मी एकदा एका दिवसात चारशे फोटो काढून आणले आणि महिन्याभराने बघायला बसलो, तर कुठलं काय ते एकाचंही सांगता येईना. तेव्हापासून क्रम ठरलेला: आधी पाटी, मग पूर्ण वस्तू, मग बारकावा, आणि वहीत एक ओळ. परवानगी असेल तर कपाटाच्या काचेला मोबाइल टेकवून धरा, चकाकी जाते. मोजपट्टी वस्तूवर नाही, काचेबाहेर तिच्या पातळीत धरायची. माप अंदाजे येतं, पण येतं.

एक वस्तू हाताने काढा. चित्रकला यायची गरज नाही. काढायला लागल्यावरच कळतं की मूर्तीच्या डाव्या हातात काय आहे ते आपण बघितलंच नव्हतं.

कापड, कागद, जलरंग यांच्या दालनात अंधार का असतो म्हणून कुरकुर ऐकू येते. तिथे प्रकाश मुद्दाम मंद, साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, कारण उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि उतरत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

हात

उघड्यावर ठेवलेली मूर्ती दिसली की हात पुढे जातोच. एका हाताने काही होत नाही, हजारोंनी होतं. नुसत्या श्वासानेही होतं: फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली आणि लोकांच्या श्वासाने, उबेने चित्रांवर परिणाम व्हायला लागल्यावर १९६३ मध्ये बंद करावी लागली. लोक आता प्रतिकृती बघतात, पहिली १९८३ मध्ये उघडली.

जागेवरून खापराचा तुकडासुद्धा उचलू नका. खिशात गेला की तो नुसता तुकडा. जागेवर असताना तो पुरावा होता. नाणं किंवा मूर्ती उघडी पडलेली दिसली तर फोटो काढा, जवळच्या खुणा टिपा आणि कळवा. भारतात जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याबाबत १८७८ पासून कायदा आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात तर चौदा दिवसांच्या आत कळवावं लागतं.

मुलं सोबत असतील तर पाच वस्तूंच्या दोन करा, आणि वस्तू त्यांनाच निवडू द्या.

पुन्हा जागेवर

ही पायरी सगळे गाळतात, थकलेले असतात म्हणून. अर्धा तासच जा, पण जा. उतरतीचं ऊन असतं, सकाळी न दिसलेल्या रेघा दिसतात, आणि हातात संग्रहालयातली मापं असतात. सकाळच्या प्रश्नांची यादी काढा आणि एकेक खोडा. खोडले गेले नाहीत ते पुढच्या वेळी.

त्या दगडाच्या वेळी मी हेच केलं. कपाटातल्या खळग्याची रुंदी काचेबाहेरून साधारण ११ सेंटिमीटर भरली होती. वेशीत परत गेलो. डावीकडच्या रुतलेल्या दगडाचा खळगाही तेवढाच, तळाशी तशाच रेघा. वर पाहिलं तर चौकटीच्या माथ्यावर, त्याच रेषेत, दाराचा वरचा खुंट अडकवायचं भोक होतं; सकाळी ते पाखरांचं घरटं वाटलं होतं. उजवीकडच्या रिकाम्या खड्ड्याच्या वरही तसंच भोक.

घरी येऊन संग्रहालयाला पत्र लिहिलं: दाखल क्रमांक, दोन फोटो, दोन मापं, आणि ‘हा दिवा नसावा असं वाटतं, आपलं मत कळवावं’. असं पत्र लिहिताना सूर चूक पकडल्याचा ठेवू नका. पाटी लिहिणाऱ्याने बहुधा चाळीस वर्षांपूर्वी, एकट्याने, घाईत शंभर पाट्या लिहिलेल्या असतात. उत्तर आलं नाही. आठ-नऊ महिन्यांनी त्या बाजूला जाणं झालं तेव्हा आत डोकावलो. दगड त्याच फळीवर होता, पाटीही तीच. ‘दगडी दिवा’च्या पुढे कोणीतरी निळ्या पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत: ‘वेशीतला? जोडी पाहावी.’